आबांची दुनळी, लेकीची रायफल



दसऱ्याच्या दिवशी आमच्या कळवण भागात घरोघर शस्त्रपूजा होते. शस्त्र म्हणजे काय, तर विळा, कोयता, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पाने. ज्याच्या त्याच्या पोटापाण्याचे जे हत्यार, ते पाटावर येते. त्याला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळते. आपल्याच तालुक्यात गडावर अठरा हातांत आयुधे घेतलेली सप्तशृंगी उभी आहे. तिच्या पायथ्याच्या माणसांना शस्त्राचे अप्रूप असायचेच. आमच्या पाटावर या सगळ्यांच्या मधोमध आबांची दुनळी बंदूक असते.

या बंदुकीवरून गेली काही वर्षे लोक मला एकच प्रश्न विचारतात. कुणी दोन पैसे गाठीला आलेला कांदा-डाळिंबाचा बागायतदार असतो, कुणी निवृत्त फौजी असतो. ‘एखादी चांगली रायफल घ्यावी म्हणतो. हौसही भागेल आणि पुढे पोराबाळांना आठवण म्हणून राहील. कोणती घ्यावी?’ आज त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. सुरुवात मात्र आमच्या घरच्या चुकीपासून करतो, कारण मला जे कळले ते त्या चुकीतूनच कळले.

आबांनी ही बंदूक १९६४ साली पीक-संरक्षणाच्या परवान्यावर घेतली. बर्मिंगहॅमची, जुनी, बारा बोअरची. तेव्हा गिरणेच्या काठच्या मळ्यांत रात्री रानडुकरे उतरत. आबा माळ्यावरून एक बार हवेत काढत आणि कळप पळे. बंदूक साफ करणे हा त्यांचा सणासुदीचा सोहळा असे. गज, चिंधी, तेलाची बाटली असा सगळा सरंजाम ओट्यावर मांडला जाई आणि आम्ही पोरे भोवती बसत असू. हात लावायची परवानगी नव्हती. बघायची होती.

१९८९ साली आबा गेले. दहावे-तेरावे झाले, पाहुणे परतले आणि बंदूक राहिली बाजरीच्या कणगीमागे. वडिलांना, म्हणजे नानांना वाटले, बापाची वस्तू लेकाकडे आली. घर आले, जमीन आली, तशी बंदूकही आली. चार-पाच महिन्यांनी एका जाणत्या माणसाने त्यांना बाजूला घेऊन सांगितले, ‘नाना, परवाना आबांच्या नावाचा होता. आबा गेले त्या दिवसापासून ही बंदूक तुमच्या घरात बेकायदा आहे.’ नानांचे हातपाय गार पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती पोलीस ठाण्यात नेऊन जमा केली. मग अर्ज, चौकशी, आत्यांचे ना-हरकत पत्र, पुन्हा चौकशी. परवाना नानांच्या नावे व्हायला १९९२ साल उजाडले. तीन पावसाळे बंदूक एका कोठीत पडून होती. परत आली तेव्हा नळ्यांच्या आत गंजाने खड्डे पडले होते आणि दस्त्याला चीर गेली होती. मी यात कुणाला दोष देत नाही. आबांच्या हयातीतच व्यवस्था केली असती, तर ती वेळ आली नसती.

तर मंडळी, पहिली गोष्ट ही. बंदूक किंवा रायफल जमिनीसारखी आपोआप वारसाकडे जात नाही. दागिन्यासारखी तर नाहीच नाही. परवाना माणसाच्या नावे असतो आणि माणसाबरोबर संपतो. शस्त्र अधिनियम १९५९ सांगतो की, ताबा बेकायदा होताच शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. जमा केल्याची पावती जिवापाड जपावी. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला नाही किंवा शस्त्र रीतसर विकले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. आणि नुसतेच घरात दडवून ठेवले तर तो गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

यावर उपायही कायद्यातच आहे. फार थोड्यांना तो ठाऊक असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे, परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या पसंतीच्या कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करवून घेऊ शकतो. नानांनी तेच केले. १९९२ पासून पंचवीस वर्षे २०१७ साली भरली आणि नाना हयात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत दुनळी माझ्या नावावर झाली. या वेळी ती एक दिवसही कोठीत गेली नाही. वारसालाही मात्र सगळ्या कसोट्या पार कराव्या लागतात. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, घरात ते कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. इतर वारसांची संमती आधीच कागदावर घेतलेली बरी. आमच्याकडे ग्रामीण भागाचा परवाना जिल्हाधिकारी देतात, नाशिक शहराचा पोलीस आयुक्त.

आता दुसरी गोष्ट, निवडीची. आधी एक भेद समजून घेऊ. बंदूक आणि रायफल हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून बहुधा छर्रे उडतात, ते पसरतात आणि रायफलीच्या गोळीच्या मानाने बरेच अलीकडे जमिनीवर येतात. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे कोरलेले असतात. त्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत जाते, म्हणून ती सरळ जाते आणि लांब जाते. अगदी लहान समजली जाणारी .२२ ची गोळीदेखील दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मळ्यात, वस्तीजवळ, रात्रीच्या अंधारात रायफल चालवणे किती जोखमीचे, ते यावरून लक्षात यावे. आपल्या मळ्याच्या दीड किलोमीटरमध्ये किती घरे आहेत, ते मोजून पाहा.

शिकारीचा विचार तर मनातून काढूनच टाकावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला जागाच उरली नाही. आमच्याकडे उसात, मक्यात बिबट्या दिसतो. त्याच्यावर बंदूक रोखायची नसते, वनखात्याला कळवायचे असते. रानडुकरालासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. लग्नाच्या वरातीत बार काढायची जुनी चाल होती. २०१९ च्या दुरुस्तीने तीही स्पष्टपणे गुन्हा ठरवली आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग रायफलीचा आनंद घ्यायचा कुठे? नेमबाजीच्या रेंजवर. आणि तो आनंद मोठा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले. ही दोन्ही पदके कोणत्या रायफलीची? .२२ ची. शिकारकथांतल्या दणदणीत रायफलींपुढे अगदी किरकोळ वाटणारी. पण माणसाचा श्वास, बोट आणि मन यांची परीक्षा घ्यायला ती पुरेशी आहे. तुमच्यापैकी जे कॉलेजात एनसीसीत होते, त्यांनी बहुतेक हीच चालवली असेल.

सामान्य परवानाधारकापुढे साधारण तीन पर्याय असतात. एक, बारा बोअरची बंदूक. दोन, .३१५ ची रायफल. तीन, .२२ ची रायफल. .३१५ हे आकडे आपल्याकडेच जास्त ऐकू येतात, त्यामागे इतिहास आहे. .३०३ ही फौजेची रायफल. फौजेचे काडतूस खासगी माणसाच्या हाती नको, म्हणून वेगळ्या मापाची .३१५ नागरिकांसाठी चालू राहिली. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल याच मापाची. तिचा बोल्ट, तिची बांधणी जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली. दणकट, साधी, दुरुस्तीला सोपी. आवाज आणि धक्का मात्र जबर.

आणि विलायती? पुष्कळांच्या मनात तेच असते. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशातून शस्त्र मागवणे जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले, तर बाजारात फिरणाऱ्या विलायती रायफली त्याआधी देशात आलेल्या आहेत. त्या हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत त्यांच्या गुणापेक्षा दुर्मीळपणावर ठरते. घ्यायची असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावी.

डोळे उघडे ठेवून म्हणजे कसे? आमच्या दुनळीची कथा सांगतो. नानांनी ती गंजलेल्या अवस्थेत एका जुन्या बंदूक-कारागिराला दाखवली. त्याने आधी दस्ता सोडवून नळ्या बोटावर अधांतरी धरल्या आणि टिचकी मारली. चांगल्या जोडनळ्या घंटेसारख्या घुमतात. मधली पट्टी सुटलेली असेल तर भद्द आवाज येतो. आमच्या घुमल्या. मग त्याने नळ्या उजेडाकडे धरून आत पाहिले. तिथे गंजाचे खड्डे दिसले. मग नळ्यांखालच्या बारीक खुणा भिंगातून वाचल्या. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथे शस्त्रे तपासण्याची जुनी केंद्रे आहेत. जादा दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते का पाहतात आणि मगच तिच्यावर शिक्का उठवतात. त्या शिक्क्यांवरून कळते की ही नळी जुन्या काळ्या दारूसाठी तपासली आहे की आजच्या धूरविरहित दारूसाठी. काडतुसाच्या घराची लांबीही त्यावरून कळते. आमची निघाली पासष्ट मिलिमीटरची, आणि बाजारातले काडतूस सत्तर मिलिमीटरचे. ते बसते, उडतेही, पण नळीत दाब भलताच वाढतो. कारागीर म्हणाला, ‘आठवण म्हणून ठेवा. बार काढू नका.’

तेव्हापासून दुनळी पाटावर येते, पण बोलत नाही. तिच्या नळ्या उघडून, रिकाम्या असल्याची सगळ्यांदेखत खात्री करूनच आम्ही ती पाटावर ठेवतो. आबांच्या हातचा लाकडाचा गुळगुळीतपणा तेवढा अजून आहे.

रायफल पाहताना खुणा थोड्या वेगळ्या. बोल्टवरचा क्रमांक, नळीवरचा क्रमांक आणि परवान्यातला क्रमांक एकच आहे का, ते आधी पाहावे. बोल्ट बदललेली रायफल घेऊ नये. आटे धारदार दिसले पाहिजेत. नळीच्या तोंडाची कड एकसारखी हवी. तिथे टवका उडालेला असेल तर नेम कधीच बसत नाही. दस्ता खांद्याला लावून पाहावा. हात आखडून किंवा ताणून धरावा लागत असेल तर ती तुमच्या मापाची नाही. चकचकीत व्हार्निश, नवी काळी झिलई दिसली तर भुलू नये. खाली काय झाकले आहे, ते विचारावे.

पण पुढच्या पिढीसाठी घेत असाल, तर या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. तीस वर्षांनी हिचे काडतूस मिळेल का? राजेरजवाड्यांच्या मोठाल्या मापांच्या रायफली आज कितीतरी घरांत मुक्या पडल्या आहेत, कारण त्यांचे काडतूस मिळत नाही. बारा बोअर, .३१५ आणि .२२ ही मापे आपल्या देशात बनतात. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आहे. बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात, ती या खडकीचीच. जे काडतूस आपल्या मुलखात बनते, त्या मापाची रायफल नातवंडांच्या हातात जिवंत राहते.

वारशाची रायफल भारी किमतीची असावी लागते, असाही एक समज आहे. जिम कॉर्बेटचे उदाहरण घ्या. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट दिली. साधी बोल्टची रायफल. तिच्यावर सोन्याची नक्षी नाही, हस्तिदंत नाही. दस्त्यावर चांदीची एक छोटी पट्टी आहे, आणि कुणी, कुणाला, कशासाठी दिली हे तिच्यावर कोरले आहे. कॉर्बेट १९५५ साली केनियात वारले. रायफल त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे राहिली आणि पुढे ज्या कंपनीने बनवली तिच्याकडेच परत गेली. २०१६ साली ती काही दिवसांसाठी भारतातही आणली होती. आज तिला मोल आहे ते त्या पट्टीमुळे. पट्टी नसती, तर ती तशा शेकडो रायफलींपैकी एक ठरली असती.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, रायफलीबरोबर एक वही ठेवा. ती कधी, कुणाकडून घेतली, पावती, क्रमांक, परवान्याच्या नूतनीकरणाच्या तारखा, कुठे दुरुस्त केली, रेंजवर पहिल्यांदा कोण कधी गेले, सगळे लिहा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरण विसरायला पाच वर्षे पुरेशी असतात. आबांनी अशी वही ठेवली नव्हती. ही बंदूक त्यांच्याआधी कुणाची होती, ते आम्हाला आता कधीच कळणार नाही.

जपणुकीचेही दोन शब्द. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. रायफल चामड्याच्या म्यानात कधी ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि लोखंड गंजते. आतून-बाहेरून पातळ तेलाचा हात द्यावा, जास्त नको. उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवावी, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड कुजते. अक्रोडाच्या दस्त्याला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात पुरतो. रायफल एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला नकोत.

आता माझ्या घरचे सांगून संपवतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगायच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेले शस्त्रही त्यातच मोजतात. माझ्याकडे आबांची दुनळी आहे, म्हणजे जागा एकच उरली. मी साठी ओलांडली आहे. ही एक जागा कशाने भरायची, यावर घरात बरेच दिवस खल झाला. भावकीतल्या मंडळींचे मत .३१५ चे होते. आवाज हवा, भिंतीवर शोभा हवी. मुलगी म्हणाली, ‘बाबा, .२२ घ्या. ती मला चालवता येईल.’ ती कॉलेजात एनसीसीत होती. आता नाशिकला शिक्षिका आहे आणि सुटीच्या दिवशी रेंजवर एअर रायफल चालवते. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी.

‘पोरीच्या नावावर बंदूक?’ असेही कुणीतरी म्हणालेच. नियमात वारस म्हणून मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आणि ज्या गडाच्या पायथ्याशी आपण राहतो, तिथल्या अठरा हातांतली आयुधे कुणाच्या हातात आहेत, ते जरा वर मान करून बघा, एवढेच मी त्यांना सांगितले.

.२२ साठी अर्ज केला आहे. परवानगी मिळाली तर रायफल येईल, आणि तिच्याआधी वही येऊन बसली आहे. पहिल्या पानावर मी आबांविषयी आठवते तेवढे लिहिले. दुसऱ्या पानावर लेकीचे नाव आहे आणि ती तारीख आहे, ज्या दिवशी मी सत्तर वर्षांचा होईन. तोपर्यंत मी असलो तर तिला हाताला धरून कार्यालयात नेईन. नसलो, तर त्याच दिवशी काय करायचे, ते तिसऱ्या पानावर लिहिले आहे. पहिली ओळ अशी आहे, ‘आधी ठाण्यात जमा कर आणि पावती घे. रडणे नंतर.’

तुमच्या घरी कणगीमागे, माळ्यावर, ट्रंकेत अशी एखादी वस्तू असेल, तर या रविवारी परवाना काढून बघा. नाव कुणाचे आहे, मुदत कधी संपते, आणि ज्याच्या नावे आहे त्याचे वय काय. नवी कोणती घ्यावी, हा विचार त्यानंतर.



(रेडिओवरील भाषण, संपादित)